गाडी गेली म्हणायचं नाही

आई, गेल्या हिवाळ्यात मी नॉर्वेच्या पार उत्तरेला एका बेटावर जाऊन आले. माइकवर बोलायला. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "लोकरीचं काही आहे का तुझ्याकडे?" आणि लगेच, "घशाला काय नेतेयस?" नेली होती. ज्येष्ठमधाची काडी, तुझ्या पर्समध्ये असायची तशीच, कागदात गुंडाळून. तिथल्या विमानतळावरच्या माणसाने ती हुंगली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगली आणि परत दिली.

तर त्या बेटावरून रॉकेट सोडतात. चंद्राबिंद्रावर जाणारी नाहीत, छोटी. सरळ वर जातात, वरच्या विरळ हवेत काय चाललंय ते मोजतात, मोजता मोजताच खाली कळवतात आणि काही मिनिटांत समुद्रात पडतात. बस्स, एवढंच त्यांचं आयुष्य. आमच्या कॉलेजच्या सरांच्या टीमने बनवलेलं एक यंत्र त्यातल्या एका रॉकेटमधून जाणार होतं. पोळ्यांच्या डब्याएवढं यंत्र, आणि टीममध्ये सगळे त्याला डबाच म्हणायचे. मी फिजिक्स सोडून गोष्टी लिहायला लागले, पूर्णविराम नसलेल्या वगैरे, तरी सरांनी मला फोन केला. म्हणाले, "तू लिहितेस ते मला कळत नाही. पण बोलतेस बरी. वारज्याच्या एका शाळेतली पोरं हॉलमध्ये पडद्यावर बघणार आहेत. त्यांना मराठीत सांगायचं, काय चाललंय ते. येतेस?" पुण्यात यापेक्षा जास्त कौतुक कोणी करत नाही. गेले.

अडलं एका शब्दावर. रॉकेट जमिनीवरून उठतं त्या क्षणी मी काय म्हणायचं? सरांनी एक वाक्य टाइप करून आणलं होतं: अग्निबाणाने यशस्वीरीत्या उड्डाण केले आहे. मी म्हटलं, सर, हे म्हणून होईपर्यंत ते ढगात असेल. ही छोटी रॉकेटं टीव्हीवरच्यासारखी सावकाश उठत नाहीत, डोळा मिटून उघडला की नुसता धूर. एकच शब्द हवा. "मग 'गेलं' म्हण," सर म्हणाले. आम्ही तिथल्या कँटीनमध्ये सूप पीत होतो. डबा जिने बनवला ती मुलगी चमचा हातात धरून थांबली. "गेलं? सर, एवढी वर्षं मी त्याच्यामागे घालवलीयत आणि तुम्ही आख्ख्या शाळेला सांगणार, गेलं?" "बरं, मग उडालं." "उडतो तो फ्यूज, सर." "मग निघालं?" यावर आम्ही तिघंही हसलो, कारण पुण्यात फोनवर 'निघालोय' म्हणणारा माणूस अजून टॉवेलवर असतो. सर म्हणाले, "धड वर जायचीसुद्धा सोय नाही मराठीत. तू लेखिका ना? शोध."

शोधायचं काही नव्हतं, आई. शब्द मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. मला तो म्हणायचा नव्हता.

मी आठवीत असेन. मे महिना, घरी कोणी नाही म्हणून तू मला एसटी स्टँडवर घेऊन जातेस. तुझी ती केबिन: तीन बाजूंना काच, करकरणारा पंखा, मान वाकवलेला माइक, आणि खिडकीला माणसाचं डोकं मावेल एवढी मोकळी जागा. लोक डोकं आत घालतातच. तू बघतही नाहीस. "डोकं बाहेर ठेवा, आवाज आत येतोय तेवढा पुरे." "बाई, साताऱ्याची कधी लागेल?" "लागली की सांगते." "तरी अंदाजे?" "अंदाज माइकवर सांगत नाही." मग बटण दाबतेस, आणि घरातली तू कुठे जातेस कोण जाणे, फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी सुटत आहे, आणि येरवड्याच्या आपल्या दोन खोल्यांत मीठ कमी पडलं म्हणून चिडणारी बाई सगळ्या स्टँडभर पसरते. त्या दुपारी तू पाणी प्यायला वळलीस आणि एका माणसाने मला विचारलं, "कोल्हापूर?" मी म्हटलं, "गेली." त्याने हातातली ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यावर बसला, तोंड असं करून की जणू घरातलंच कोणी. तू तांब्या आपटलास. "गेली काय? कोणाची गेली? सुटली म्हणायचं. गाडी सुटली म्हणजे कुठेतरी पोचणार. गेली म्हणजे गेली." तो माणूस म्हणाला, "अहो बाई, माझ्यासाठी गेलीच ना ती?" तू म्हणालीस, "तुमच्यासाठी पुढची आहे. ती अजून लागायचीय. उठा, ट्रंकेचं झाकण दबेल." तो उठला. मला वाटतं, हसला पण.

त्यानंतर दोन वर्षांत तू आजारी पडलीस, आणि तो आजार लांबला. शेवटच्या सकाळी मावशी एकेकाला फोन लावत होती, "ताई गेली, ताई गेली," आणि मला म्हणाली, स्टँडवर तू कळव. मी फोन लावला. तुझ्या जागेवर बसणारे काका होते. मी म्हटलं, "आई आज येणार नाही." ते म्हणाले, "बरं बरं, आराम करू दे, मी रजा टाकतो." मी फोन ठेवला. दुपारी त्यांना दुसरीकडून कळलं आणि ते डबल ड्युटी सोडून धावत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि संध्याकाळी शेजारच्या काकू तुझ्या पलंगाकडे बघत म्हणाल्या, "सुटली गं बाई." वाईट मनाने नाही म्हणाल्या, तुझे हाल त्यांनी बघितले होते. पण माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल, तर फलाट कुठला. मला हसू आलं, लोकांना वाटलं हुंदका. तेव्हापासून हे दोन्ही शब्द मी टाकले. गाडी निघाली म्हणते. लाइट बंद झाले म्हणते. कोणी वारलं की 'कळलं ना तुला?' एवढंच. लेखिका असूनही एवढा मोठा वळसा कोणाच्या लक्षात आला नाही, यात माझं कौशल्य किती आणि वाचक किती कमी, हे मला ठरवता येत नाही.

बेटावर रोज तेच. सकाळी रॉकेट तयार, रस्ता बंद, मासेमारीच्या बोटींना रॉकेट पडेल त्या पट्ट्यातून लांब जायला सांगितलेलं, आणि वारा जोरात. ते आधी फुगे सोडून वारा मोजतात, पटला नाही की थांबायचं. तिथेही माइकवर एक बाई होती, पांढरे केस, विणलेला स्वेटर, सपाट आवाज. पाहुण्यांपैकी कोणी काच वाजवून 'कधी' असं विचारलं की ती मान न वळवता म्हणायची, सांगितल्यावर कळेल. मला तिच्याजवळ बसायला बरं वाटायचं. हे होता होता आमच्या हातातला शेवटचा दिवस आला. आज नाही तर डबा खोक्यातून परत पुण्याला. ती डबेवाली मुलगी कालपासून जेवली नव्हती, सर उगाचच सगळ्यांना जोक सांगत होते. हेडफोनमधून कानात वारज्याचा हॉल गोंगाट करत होता. सूर्य समुद्रावर कोपर टेकून बसल्यासारखा, त्याच्यावर चढत नाही आणि खालीही जात नाही. वारा पडला. बाईने आकडे उलटे मोजायला घेतले, मी तिच्यामागून मराठीत. पाच म्हणेपर्यंत माझ्याकडे शब्द नव्हता, म्हणजे होता आणि नव्हता. सरांचं वाक्य समोर चिकटवलेलं. शून्य म्हटलं. बर्फावर एकदम पिवळा उजेड पडला आणि मी म्हणाले, "सुटलं."

म्हणजे तू माइकवर म्हणायचीस तसंच. खाली येणारा सूर, घाई नाही. मग काचा हादरल्या, आणि थोड्या वेळाने, उशिरा पोचणाऱ्या आवाजासारखा, वारज्याचा हॉल ओरडला. पडद्यावर डब्याकडून आकडे यायला लागले. ती मुलगी तोंडावर दोन्ही हात ठेवून ते वाचत होती. सगळे आले, आई. काही मिनिटांनी येणं थांबलं, मी मुलांना सांगितलं, आता ते समुद्रात पडलं. तर हॉलमधून एका मुलीने माइक मागून घेतला. "ताई, मग ते परत कधी येणार?" सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "येणार नाही." या वेळी 'आज' लावलं नाही. "आणि डबा?" "डबापण नाही." "पण त्याने सांगितलं का, काय सांगायचं होतं ते?" "सांगितलं." "बरं," म्हणाली आणि बसली. तिच्यानंतरच्या मुलाने विचारलं, तिकडे अस्वलं आहेत का. मी म्हटलं, नाहीत, पण सर आहेत. हॉल हसला. सर पण.

त्या रात्री मी पोटभर जेवले, गाढ झोपले. परत आल्यापासून बसस्टॉपवर, रिक्षात, कुठेही मी तो शब्द वापरते. लाइटसुद्धा जातात माझ्याकडचे आता, बाकीच्या पुण्याचे जातात तसेच. चांगलं चाललंय माझं. हे सांगायला बसले होते खरं तर.

नारायण पेठेत मावशीकडे गेले होते तेव्हा तिने फोनवर तो व्हिडिओ बघितला, तो शब्द पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकला आणि डोळे पुसत म्हणाली, "अगं, अगदी ताई. तोच आवाज." मी म्हटलं, "हो ना." आई, मला तुझा आवाज आठवत नाही. तू काय बोललीस ते सगळं आठवतं, तांब्या आपटलेला आठवतो, पण ते ऐकू येतं माझ्याच आवाजात. कधीपासून ते सांगता येणार नाही. आख्खा स्टँड तुला ऐकायचा आणि कोणी रेकॉर्ड केलं नाही, मी पण नाही. आणि याचं जेवढं वाईट वाटायला पाहिजे तेवढं मला वाटत नाही. मावशीला हे सांगवलं नाही. तुला सांगितलं, कारण हा कागद या टेबलावरून हलणार नाहीये.