तिरकं कापलेलं गाजर

गुरुवार, संध्याकाळ. नाशिक.

सविता ड्रॉइंगमध्ये पास झाली! पुन्हा नापास झाली असती, तर तिचे पप्पा कॉलेज सोडायला लावणार होते. आमच्या वस्तीतून इंजिनिअरिंगला गेलेली पहिलीच पोरगी ती. शंकू कापल्यावर कसा दिसेल, हे तिच्या डोळ्यांसमोर येईना, म्हणून विहारात बसून मी गाजर तिरकं कापून दाखवलं होतं. सरांशी भांडून कॉलेज सोडणारा मी... मला आज एवढा माज कसला?

जीव आहे तुझ्यावर, हे आज सांगणारच होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "रागोबा, रविवारी वस्तीतल्या आणखी पोरी तुझ्याकडे शिकायला आणते. त्यांनाही इंजिनिअर व्हायचंय. आणि तूही परत ये की कॉलेजला!"

सांगायचं राहिलंच. येताना गाजरं मात्र किलोभर घेतली.