नीलाबाईच्या सुया

कुरुंदा, ६ फेब्रुवारी २००१

चि. पुष्कर यास ताराताईचे अनेक आशीर्वाद.

‘कुत्रं भुंकलं तर पळू नका, पळणारा त्याला चोर वाटतो,’ असं अण्णा आपल्याला सांगायचे. आज ते फार आठवलं. उकंडरावांच्या शेतात शिजवलेली हळद वाळत घातली आहे आणि राखणीला त्यांचा सुलतान मोकळाच असतो. माझ्या शेजारची नीलाबाई सकाळी कामाला गेली. तो भुंकला, ती पळाली, आणि त्याने पोटरीत दात रुतवले.

कुणीतरी जखमेत तिखट भरलं. मग रीतीप्रमाणे बायांनी तिला सात विहिरींत डोकावायला नेलं. आता मला म्हणते, सात हिरी पाहून आले बाई, इख कुठं राहतंय? काहून मागं लागून राहिल्या? पोटात सुया मी न्हाई घेत, अन् वसमतला रोज जाऊ तर मजुरी तुमी देता का? उकंडराव म्हणतात, ती पळालीच काहून! शाळेतली मुलं माझं ऐकतात, ही ऐकत नाही. जिवाला घोर लागला आहे रे. चिठ्ठी एस.टी.च्या कंडक्टरकडे देते, त्याच्याच हाती उत्तर पाठव.

तुझी ताई

हिंगोली, ६ फेब्रुवारी, दुपार

ती. ताराताईस शि. सा. न. वि. वि.

आधी ते तिखट धुऊन काढ. वाहतं पाणी, साबण, आणि घाई नको. विहिरींशी भांडू नकोस. त्यांनी तिला धीर दिला असेल. पण विष मारायला सुईच लागते, तीही उद्याच. एकदा रोग उठला की कुणाकडेच औषध नाही, हे तिला स्पष्ट सांग.

सोबत उकंडरावांना नोटीस आहे. आपलं जनावर सांभाळलं नाही तर मालक गुन्हेगार ठरतो. कोर्टाची पायरी नको असेल तर त्यांनी स्वतः तिला रोज दवाखान्यात न्यावं, मजुरी चालू ठेवावी आणि कुत्र्याला दिवसा साखळी घालावी. नोटीस तूच वाचून दाखव. तुझा वर्गातला आवाज ऐकला की मी अजूनही उभा राहतो!

माया आहे तशीच राहू दे.

तुझा पुष्कर

कुरुंदा, २२ फेब्रुवारी

चि. पुष्करास आशीर्वाद.

परवा शेवटची सुई झाली! जखम भरली, बाई ठणठणीत आहे. पहिल्या दिवशी उकंडराव फणफणत मोटरसायकल घेऊन आले आणि नीलाबाई डोळे गच्च मिटून मागे बसली. दोन दिवसांत डोळे उघडले. मग डोक्याला तेल आलं, ठेवणीतलं लुगडं आलं, परतताना उसाचा रस! हळद किती शिजवायची यावरून दोघं वाटभर भांडतात. काल उकंडराव माझ्याकडे कबूल झाले, बाईचं बराबर हाय, आमी कढई लवकर उतरवत होतो. सुलतान साखळीला आहे. मुलांना मी कुत्र्यासमोर खांबासारखं उभं राहायला शिकवते. एकजण भुंकतो आणि सगळे खांब हसून वाकडे होतात.

आता एक विनंती. तू नाहीच म्हणणार, मी तिला सांगितलंही. पण ती दारात बसली आहे आणि लिहिल्याशिवाय उठत नाही. वकीलसाहेबांनी नोटिशीत अजून आठवडाभराच्या सुया वाढवून द्याव्यात. सुया नुसत्या कागदावर चालतील म्हणते, मोटरसायकल तेवढी खरी पाहिजे.

तुझी ताई