खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

तुळजापूर,
शनिवार, ११ ऑक्टोबर

तीर्थरूप विष्णुकाका यांना,
देवश्रीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. उद्या रामकिसन आपल्या हॉस्पिटलची गाडी घेऊन उमरग्याला पेशंट सोडायला येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देते. चंद्रप्रभाताईला सांगा, त्याला चहा द्या पण बसवून घेऊ नका. गप्पा सुरू झाल्या की त्याला गाडी आठवत नाही. तुमची कंबर कशी आहे? लेकीकडे राहून तुम्ही नीट जेवत नाही, असं ताईच म्हणाली. असं करू नका काका.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहिणार होते. त्या वाक्यापायी दोन कागद फाडले.

तुम्ही गेल्यापासून रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्याकडे आहे. तुमच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. राहिलेल्या पेशंटना बोलावून फोटो पुन्हा काढायचं काम काल संपलं. सोमवार, मंगळवार आणि बुधवार सकाळचे मिळून त्रेसष्ट जणांचे एक्स-रे आणि स्कॅन गेले होते. त्यातले बावीस फोटो काढायच्या मशिनच्याच पोटात सापडले, बाकीच्यांना तुम्ही स्वतः फोन लावलेत. ती यादी माझ्यासमोर आहे. प्रत्येक नावापुढे तुम्ही लिहिलंय, "माफी मागितली."

माकणीच्या जगदेवीबाई शेवटच्या आल्या. त्यांचं ऑपरेशन आठ दिवस पुढं गेलं होतं, आता मंगळवारी आहे. मला वाटलं, भांडतील. तर म्हणाल्या, "म्या आणिक एकदा फोटू काढते की, त्यात काय झिजतंय व्हय? पर त्या म्हाताऱ्या साहेबाला लई बोलू नका. फोनवर आवाज कसा झाला हुता त्येंचा!" मी मान डोलावली आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

काका, आता मूळ गोष्टीकडे येते. किती टाळणार?

ऑगस्टमध्ये सर्व्हर रखडत होता, ते तुम्हाला आठवत असेल. नवा स्कॅन आत येत असला की जुना उघडायला सव्वा मिनिट लागायचं. कैवल्यसर पेशंटसमोर टेबलावर बोटं वाजवत बसायचे आणि मग मला फोन करायचे. "चोवीस एसएसडी बसवल्यात आपण, चोवीस! त्यापेक्षा कागदाची फाइल लवकर सापडते." हे ऐकून तुम्ही गालात हसायचात, तेही मला दिसायचं. मी खूप खटपट केली. त्या चोवीसही ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, बदललं. पुसून रिकाम्या झालेल्या जागा ड्राइव्हना कळवायची सोय बंद पडली होती, ती सुरू केली. एक ड्राइव्ह आजारी निघाली, ती बदलली. सव्वा मिनिटाचं एक मिनिट झालं. पंधरा दिवसांची मेहनत आणि पंधरा सेकंदांची कमाई.

खरं दुखणं दुसरीकडे होतं. या चोवीस जणींवर एक कंट्रोलर असतो. तुमच्या जुन्या तहसीलच्या भाषेत सांगायचं तर तो आवक-जावकचा कारकून. तो अर्ज घेतो आणि पोच देतो. त्याच्याजवळ चालू बॅटरी असते तोवर तो अर्ज घेतल्या घेतल्या पोच देतो आणि रजिस्टरात नोंद सवडीनं करतो. वीज गेली तरी बॅटरीवर हातातले अर्ज शाबूत राहतात. आपल्या कंट्रोलरची बॅटरी मेली होती. म्हणून तो शहाण्यासारखा प्रत्येक अर्ज आधी रजिस्टरात चढवायचा, मगच पोच द्यायचा. रखडायचं ते त्यामुळे.

नवी बॅटरी मागवली होती. ती यायला दोन महिने लागणार होते. तेवढा दम मला निघाला नाही. बॅटरी नसली तरी आधी पोच दे, असं सेटिंग मी जबरदस्तीनं लावलं. तसं करू नये असा इशारा पडद्यावर आला होता. मी 'हो' दाबलं. कंट्रोलर दर थोड्या वेळानं बोंबलायला लागला, तर तो आवाजही बंद केला.

आणि काका, काय धावला तो! स्कॅन सहा सेकंदांत उघडला. सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. तुम्ही पेढे आणलेत आणि मला नोकरीला लावताना सरांना काय सांगितलं होतं तेही बोलून दाखवलंत, "आमच्या तेरची पोरगी आहे, बघा तुम्ही." मी दोन पेढे खाल्ले. चव अजून आठवते म्हणून स्वतःचाच राग येतो.

मग खंडेनवमी आली. हत्यारं, अवजारं, यंत्रं पुसून पुजायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, हा तुमचा चाळीस वर्षांचा नेम. तहसीलला टाइपरायटरची पूजा करायचात, इथं सर्व्हरची. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. दुपारी ओपीडी बंद होती. तुम्ही पडद्याचं बटण दाबलंत, पडदा काळा झाला, मशिन झोपलं असं समजून यूपीएसचा स्विच काढलात. बॅटरी चांगली असती तर तुम्ही चार वेळा स्विच काढला असता तरी केसाला धक्का लागला नसता. हातातल्या अर्जांचा ढीग होता तो माझ्या सेटिंगमुळे. तो गेला आणि जाताना अनुक्रमणिका फाडून गेला. रविवारच्या बॅकअपनंतरचं सगळं हरवलं ते त्यानं.

एवढं सगळं लिहिलं तरी एक गोष्ट राहिलीच. मी घटांसाठी तेरला होते. तुम्ही मला फोन केला होता. "पोरी, पूजेपुरतं तासभर बंद करू का गं याला?" मी पुरणाचं बघत होते, फोन खांद्यात धरला होता. "करा की काका," म्हणाले. कसं बंद करायचं ते सांगितलं नाही. बॅटरीचं तर ध्यानातच आलं नाही.

चौकशीत सरांनी तुम्हाला विचारलं, कुणाला विचारून बंद केलंत? तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "कुणालाच नाही. माझ्याच मनानं केलं." तसं लिहून सहीही केलीत. मी तिथंच होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला नोकरीची भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. तुमचं वय झालंय, तुम्हाला कोण काय करणार, असा नीच विचारही त्या दोन मिनिटांत मनात येऊन गेला.

आज सकाळी मी सरांकडे गेले. सेटिंग कुणी, कधी लावलं त्याची नोंद दाखवली. ती त्यांनी वाचली, खूप चिडले, आणि ते बरोबरच होतं. मग फोनचं सांगितलं, तर म्हणाले, "देवश्री, म्हाताऱ्या माणसाला वाचवायला हे रचू नकोस. विष्णुपंतांची सही आहे माझ्याकडे. ते खोटं लिहितील?" मी मोबाइलमधला तुमचा कॉल दाखवला. म्हणाले, फोन झाला असेल, बोलणं काय झालं ते मला कसं कळणार?

काका, तुमच्या सचोटीवर त्यांचा इतका विश्वास आहे की माझं खरं त्यांना खोटं वाटतंय. सोमवारी अकराला ते तुमच्या कागदावर 'निष्काळजीपणा' लिहून तुम्हाला कामावरून मोकळं करणार आहेत. चाळीस वर्षांत एक कागद गहाळ न केलेल्या माणसाच्या नावापुढे हा शब्द पडायचा आहे, आणि तो थांबवणं आता एकट्या माझ्या हातात राहिलेलं नाही.

सकाळी सातच्या गाडीनं निघालात तर वेळेत पोचाल. मी स्टँडवर उभी राहीन. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, ओळख दाखवली नाहीत तरी चालेल. फक्त आत जाऊन सरांना सांगा की मी देवश्रीला विचारलं होतं. माझी नोकरी जाईल म्हणून या वेळी माझ्याकडे बघू नका.

तुम्ही विचारलंत तेव्हा "करा" म्हणाली ती,
देवश्री