दारावरचा दगड

जुळे सोलापूर,
दि. ११ मार्च २०२५

प्रिय चांदसाब,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. हे पत्र तुला मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या चि. इफ्राला अनेक आशीर्वाद. इफ्रा बेटा, माझं अक्षर तुझ्या आजोबांच्या शिलालेखांपेक्षा अवघड आहे. अडलीस तर अंदाजानं पुढं जा, पण एकही वाक्य गाळू नकोस.

रोजे चालू असतील. डॉक्टरांनी नको म्हटलं असेल आणि तू ऐकलं नसशील. तुला सांभाळणाऱ्या खालिदला माझी सहानुभूती कळव. आमच्याकडे सगळं ठीक आहे. गुडघे आपलं अस्तित्व दाखवत असतात. ऊन आत्ताच असं आहे की दुपारी स्कूटरच्या सीटवर बसवत नाही. सौ.नं तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, पुण्याला जाणारं कुणी भेटलं की पाठवते. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून पत्र.

मंडळाच्या इमारतीचं विचारलं होतंस. उभी आहे. तू पुण्याला गेल्यापासून गच्चीवर चुना घेऊन चढणारं कुणी उरलं नाही. तुला आठवतं, दर मे महिन्यात तू लुंगी खोचून वर जायचास आणि मी खाली शिडी धरून अध्यक्षीय सूचना करायचो. भाडेपट्ट्यात 'किरकोळ डागडुजी भाडेकरूने करावी' असं आहे आणि मालकांच्या मते छत पडणं हीसुद्धा किरकोळ डागडुजीच. गळत्या जुन्याच आहेत. वाचनालयातल्या गळतीला आपण 'अध्यक्ष' म्हणायचो, एकदा सुरू झाली की थांबायची नाही म्हणून. ती आता कपाटापर्यंत आली आहे. सोनाबाई पावसाळ्यात बादल्या लावते आणि पावसाळा संपला तरी काढत नाही.

इफ्राला पुढचं कळावं म्हणून थोडं तिच्यासाठी लिहितो. तू मध्ये बोलू नकोस.

बेटा, आमचं शिलालेख अभ्यास मंडळ म्हणजे जुने दगड वाचणाऱ्या रिकामटेकड्यांची संस्था. मी तिचा कार्यवाह. जागा आमची नाही. मालक मायाप्पाण्णा. त्यांच्या वडिलांना व्याख्यानं ऐकायची हौस, म्हणून त्यांनी ती भाडेपट्ट्यानं दिली. पट्टा गेल्या वर्षी संपला. अण्णांच्या मुलांना तिथं दुकानाचे गाळे काढायचे आहेत. अण्णा मात्र मला म्हणाले होते, "सर, वारसा यादीत नाव लागलं तर पाडता येत नाही की. मग पोरं गप बसतील. तुमीच ऱ्हावा, नवा पट्टा करून देतो." यादीत नाव लागायला इमारत जुनी आहे हे दाखवावं लागतं. ते दाखवायला आमच्याकडे एकच गोष्ट होती, दारावरचा फारसी लेखाचा दगड. तो फुटलेला आहे, अर्धीच ओळ शिल्लक. तुझ्या आजोबांनी तरुणपणी ती वाचली, उरलेली ओळ अंदाजानं पूर्ण केली आणि दगड याच इमारतीच्या बांधकामाचा आहे असं मांडलं. सगळ्यांनी ते मानलं. मी तर त्यावर वर्गात शिकवलं.

चांदसाब, इथपर्यंत तुला सगळं ठाऊक आहे. इफ्रा, पुढचं इफ्तार झाल्यावर वाच. पाणी प्यायल्याशिवाय वाचू नकोस.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपली आणि नेहमीसारखी वार्षिक सभा झाली. आपली रीत तीच, अध्यक्षांच्या भाषणाआधी शुद्धिपत्र. वर्षभरात कुणाच्या वाचनात चूक सापडली असेल तर ती उभं राहून सांगायची. ज्याची चूक त्याला उत्तर द्यायला पुढच्या गड्ड्यापर्यंत मुदत, तोवर नोंद 'विचाराधीन'. त्यानं मान्य केली तर चूक शोधणाऱ्याला त्यानं जिलेबी खाऊ घालायची. दुसऱ्या कुठल्या संस्थेत असं करत असतील असं वाटत नाही. तिथं शहाणी माणसं असतात.

या वर्षी आरोही उठली. तू तिला पाहिलेलं नाहीस. नवी सभासद, फारसी शिकते आहे, आजोळ दुधनीकडचं. तिनं टेबलावर दोन कागदी ठसे मांडले. एक आपल्या दारावरच्या दगडाचा, दुसरा तिच्या मामाच्या शेतातला. म्हणाली, "सर, मामाच्या विहिरीवर हा तुकडा बसवलेला आहे. लहानपणी ह्याच्यावर कपडे आपटायचो की आम्ही." आणि तिनं दोन्ही ठसे एकमेकांशेजारी सरकवले.

काय सांगू तुला! भेग भेगेत बसली. इकडे तुटलेलं अक्षर तिकडे पूर्ण झालं. आख्खी ओळ समोर आली आणि ती विहिरीची होती, विहीर कुणी बांधली आणि तिचं पाणी वाटसरूंसाठी खुलं आहे याची. आपल्या इमारतीचा तिच्याशी काही संबंध नाही. कुणीतरी कधीतरी तो अर्धा दगड उचलून आणला आणि दारावर चढवला, इतकंच.

मला आनंद झाला. खरंच झाला, चांदसाब, लाज वाटते पण लपवत नाही. इतकी वर्षं अर्धी असलेली ओळ पूर्ण झाली, ती वाचणारी पोर आपल्या मंडळातली, आणि त्या क्षणी मला भाडेपट्टा, गाळे, वारसा यादी यातलं काहीही आठवलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चांदसाबांच्या वतीनं मी सांगतो. मान्य. नोंद दुरुस्त करावी." तुझ्या नावानं जिलेबीही मीच मागवली.

तुला न विचारता. वर्षाची मुदत तुझी होती. मी नुसतं 'विचाराधीन' म्हणालो असतो तरी वारसा यादीची सुनावणी त्याआधी उरकली असती.

पहिल्या रांगेत मायाप्पाण्णा बसले होते, वडिलांच्या खुर्चीत. त्यांनीही जिलेबी खाल्ली. शेजारी त्यांचा थोरला मुलगा मोबाइलवर सगळं घेत होता. मला वाटलं, व्याख्यानाची आवड तिसऱ्या पिढीत उतरली.

फेब्रुवारीत सुनावणी झाली. त्या मुलानं मोबाइल पुढं केला. माझाच आवाज, मान्य, नोंद दुरुस्त करावी. साहेबांनी मला विचारलं, "हे खरं आहे का?" आपल्या वकिलांनी माझ्या बाहीला हात लावला. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? नाव यादीत लागलं नाही. अण्णा बाहेर आले, माझे हात हातात घेतले आणि रडवेले होऊन म्हणाले, "सर, असं कसं बोललासा हो? मला वाचवायचं होतं की. आता पोरांपुढं माझं काय चालत न्हाय." त्यांच्यावर राग धरायला गेलो तर तोही धरता येईना.

महिनाअखेर जागा सोडायची आहे. पुस्तकं कुठं न्यायची, ठशांची कपाटं कुठं, काही ठरलेलं नाही. कुणाकडे एक खोली आहे, कुणाकडे माळा आहे, कुणाकडे सून आहे. परवा सोनाबाई दारात उभी राहून म्हणाली, "सर, पुस्तकं ऱ्हाऊ द्या. ह्या बादल्या कुटं न्यायच्या ते सांगा. तितं गळतंय का न्हाय?" मी तिला म्हटलं, बघू. हल्ली सगळ्यांना मी बघू म्हणतो.

दगड मात्र आपल्याला मिळाला. थोरला मुलगा म्हणाला, "इमारतीचा नाही म्हणता ना? मग घेऊन जावा." गवंडी बोलावून त्यानं तो काढूनही दिला. सध्या तो आमच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरशेजारी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी, तो कधी हलवणार, असं विचारलं आहे. आरोही म्हणते, दुधनीला नेऊन जोडीला ठेवू. ती मला भेटायला येते. आपल्यामुळं झालं असं तिला वाटतं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मंडळाची बैठक झाली. सगळे माझ्यावर उखडले आणि बरोबरच होतं. वकील म्हणतात, अजून एक वाट आहे. मी तुझ्या वतीनं बोललो तो अधिकार मला नव्हता. तू लिहून दिलंस, की ही दुरुस्ती तुला मान्य नाही, तुझं वाचन कायम आहे, तर फेरसुनावणी मागता येते. त्यात वर्ष जाईल, कदाचित दोन. तेवढ्यात अण्णा पोरांची समजूत घालतील. तसा मसुदा करून सोबत जोडला आहे. खाली तुझ्या सहीची जागा आहे. तू सही करावीस असं तुला कळवायची जबाबदारी मंडळानं माझ्यावर टाकली. ती मी पार पाडली.

सही कर, असं माझ्यानं म्हणवत नाही. करू नकोस, असंही म्हणवत नाही. त्या वाचनालयात आपलं अर्धं आयुष्य गेलं. माझी बाकी कुठं ओळख आहे? पेन्शन घेणारा एक म्हातारा, एवढीच. ती इमारत गेली की सकाळी दहा वाजता कुठं जायचं, हेसुद्धा मला ठाऊक नाही. चार दिवस हे पत्र टेबलावर पडून होतं. मसुदा काढून घेत होतो, पुन्हा घालत होतो.

शेवटी पाकिटात आणखी एक वस्तू घातली आहे. आरोहीनं दोन्ही ठसे नीट जोडून दिले आहेत. नव्या पोरांना तू काय सांगायचास आठवतं ना? "पैले उंगली फिरा, बाद में बोल." दिवा बंद करून वाचायला लावायचास त्यांना. आता तुझ्या डोळ्यांपुढं कायमचाच अंधार आहे, पण बोटं शाबूत आहेत.

इफ्रा बेटा, आता शेवटचं तुला. हे ठसे ओला कागद दगडावर चोपून घेतलेले आहेत, अक्षरं बोटाला लागतात. उजवीकडून सुरू कर. आजोबांचं बोट धर आणि ओळीवरून हळू ने. भेगेपाशी थोडं थांब, मग पलीकडे ने. ते काही बोलले तर बोलू दे. त्यानंतर मसुदा वाचून दाखव आणि हातात पेन दे.

हाच क्रम ठेव. आधी मसुदा वाचलास तर ते माझ्यासाठी सही करतील आणि इमारत कदाचित राहील. म्हणून सांगतो, आधी ठसा.

तुझा,
महिनाअखेरपर्यंत कार्यवाह,
श्रीमंत