फोनवरची पडताळणी

प्रिय ताई,

रागातच लिहायला बसले आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. कर्णबधिर म्हणून मला मिळणारं सरकारी अनुदान उन्हाळ्यापासून बंद होतं, हे तुला ठाऊकच आहे. माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, खात्याचा नंबर बदलला. तो नवा नंबर कार्यालयात कळवायचा, एवढंच काम. बाइंडिंगच्या पगारातून भाडं निघतं, किराणा त्या अनुदानावर चालतो. म्हणून सुट्टी टाकून गेले. खिडकीवरचा कारकून काचेमागे मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. ओठ दिसल्याशिवाय मला काय कळणार? मी कागद पुढे केला, तर त्याने लिहिलं, 'फोनवर पडताळणी होईल.' मी खाली लिहिलं, 'मला ऐकू येत नाही. अनुदान त्याचंच आहे.' त्याने समजूतदारपणे मान डोलावली आणि लिहिलं, 'फोन जवळ ठेवा.' हसू नकोस, ताई!

ठेवला जवळ. कारखान्यात पुस्तकांच्या पाठी चिकटवत होते, तेवढ्यात खिशात थरथरला. खळीचे हात पुसून उचलला आणि माझ्या त्या ओबडधोबड आवाजात ओरडून सांगितलं, की मी बहिरी आहे, मेसेज करा. शेजारची बाई दचकून उभीच राहिली. मेसेज आला खरा: 'लाभार्थीने प्रतिसाद दिला नाही. अर्ज नामंजूर.' अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुन्हा गेले. कारकुनाने कॉम्प्युटरवर माझी जुनी माहिती काढली. अर्जावर मी माझा नंबर दिला होता, पण तिथे संपर्क म्हणून अजून तुझाच. त्याने माझ्यासमोरच तो फिरवला, दोन शब्द बोलला, खूश झाला, आणि या खेपेस नीट माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "झालं की काम! आत्ताच बोललात ना तुम्ही." मी तोंड मिटून त्याच्या पुढ्यात उभी, आणि म्हणे मी बोलले!

तू 'हो, मीच बोलतेय' म्हणाली असशील. माझ्या भल्यासाठीच. आई गेल्यावर शाळेत, दवाखान्यात माझ्या वतीने बोलायला तुझ्याशिवाय होतं कोण? पण बेकरीवाल्याने मला मागणी घातली, तेव्हाही 'ती नको म्हणतेय' असं तूच सांगितलंस. त्याने काय विचारलं होतं, ते मला कळेपर्यंत त्याचं लग्न झालं होतं. तेव्हा मी गप्प बसले.

या वेळी नाही बसले. काचेवर थाप मारली आणि म्हणाले, "फोनवर माझी बहीण होती. मी इथे आहे. मला विचारा!" आवाज कसा निघाला कोण जाणे, पण अख्खी रांग वळून बघायला लागली. आतून साहेबीणबाई आल्या. समोर बसून, सावकाश बोलल्या: माणूस स्वतः हजर असेल तर पडताळणी समोरच करता येते, तसा नियमच आहे. मग हे मला आधी कुणी का नाही सांगितलं, असं विचारलं तर त्यांनी कारकुनाकडे बघितलं आणि कारकुनाने छताकडे. मी सही केली. नवं खातं लागलं. संपर्काला माझा नंबर, फक्त मेसेजसाठी.

तुझा नंबर काढून टाकायला सांगितलाय. काढण्याआधी ते तुला एकदा फोन करणार आहेत, म्हणून घाईघाईने हे पत्र. माझं नाव घेऊन 'तुम्हीच ना?' असं विचारतील. सवयीने हो म्हणू नकोस. मी तिची बहीण, असं सांग. तिला काय विचारायचं ते तिलाच विचारा, म्हणावं. माझ्या वतीने एवढं शेवटचं बोल. मग रविवारी इकडे ये. चिडली असशील तर उजेडात बसून भांड माझ्याशी, तुझे ओठ मला दिसतील असं.

तुझीच,
धाकटी