अर्ध्या किलोचं वजन

शनिवार, संध्याकाळ

शिरूरच्या बाजारात कंपनीतल्या साहेबाची थाई बायको भेंडीवाल्याला "माय आव, माय आव" म्हणत होती. म्हणजे नको, नको. विहाराच्या सहलीत बँकॉकच्या दुकानांतून मीही तेच म्हणत फिरले होते. तरी त्यानं भेंडी तिच्या पिशवीत ओतली.

"बाबा, तिला नकोय."

"मावशे, तू कवापासून चिनी झालीस?" म्हणत त्यानं पैशांसाठी तिचं मनगट पिरगाळलं. ती रडत तेच म्हणत राहिली.

मी त्याच्याच तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन उचलून त्याच्या बोटांवर हाणलं. दोनदा. दुसऱ्यांदा कशाला?

तिनं हात जोडले. "खोप खुन खा." आभार मानले माझे. तेही समजलं.

आत्ता बुद्धवंदनेत प्राणिहिंसा न करण्याचं शील आलं तेव्हा माझे नुसते ओठ हलले. पहिल्या घावातच मनगट सुटलं होतं.