हळदीच्या पाटावर स्वीडनची बाई

अम्मा, मी पुन्हा दुबईत आले आहे. तुझ्या नातवाकडे, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये उतरले आहे. संध्याकाळी त्याच्या पोरीला मी फोनवर उतरवून घेतलेला तुझा जुना टेपवरचा आवाज ऐकवला. तिने लगेच विचारलं, "हू इज शी शाउटिंग ॲट?" मी म्हटलं, माझ्या फुफीवर. पोरगी हसली आणि टीव्हीकडे पळाली. मी मात्र तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे. तुला कुराण-शरीफ वाचता यायचं, ही लिपी नाही. त्यामुळे आजवर तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवलं. हेही लिहिता लिहिता ओठ हलवत वाचते आहे. सून आतून दोनदा डोकावून गेली.

साठचं दशक होतं. अमिरात नावाचा देश अजून व्हायचा होता, आणि आपण बर दुबईत खाडीजवळच्या गल्लीत राहत होतो. बाबा बंदराच्या कामावर स्टोअरकीपर होते आणि त्यांचा साहेब स्वीडनचा होता. त्या साहेबाची बहीण थंडीपुरती भावाकडे राहायला आली. ती काय करते ते बाबांनी घरी येऊन सांगितलं: तिकडे गावोगाव फिरते, म्हाताऱ्या बायांच्या चुलीपाशी बसते, या खोऱ्यात दुधाच्या भांड्याला काय म्हणतात, पलीकडच्या खोऱ्यात काय, कुठल्या कामाला कुठलं गाणं, सगळं टेपवर घेते, आणि त्याचा तिला पगार मिळतो. तू हातातला डाव तसाच धरून उभी राहिलीस. "म्हाताऱ्यांशी बोलायची नोकरी? मग मी कवाची नोकरीवर हाय!" तुझ्या सासूला ऐकू जाईल म्हणून बाबांनी डोळे वटारले होते, ते आठवतं?

त्याच दिवसांत माझं दुसरंच काही शिजत होतं. मी मॅट्रिक झाले होते आणि मला मुंबईला कॉलेजात जायचं होतं. तुझ्या नणंदेने, फुफीने, माझ्यासाठी तिच्या दिराच्या मुलाचं स्थळ आणलं होतं, कुवेतला नोकरीला. बाबा प्रत्येक वेळी "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत, आणि त्यांचं इन्शाल्ला हळूहळू होकाराकडे झुकतंय हे मला दिसत होतं. तुला कुणी विचारलं नव्हतं. तू बोललीही नव्हतीस. मी उशीत तोंड खुपसून रडायचे आणि तुझ्यावर चिडायचे.

ईदला बाबांनी त्या बाईला जेवायला बोलावलं. ती टेपचं मशीन घेऊनच आली. तुझी सांदणं तिने मागून मागून खाल्ली, मग मला इंग्रजीत म्हणाली, आईला विचार, लग्नातलं गाणं म्हणेल का? मी विचारलं. तू मान हलवलीस. हळदीचं गाणं असं बसल्या बसल्या म्हणायचं नाही. पाट हवा, वाटीत हळद हवी आणि पाटावर नवरी हवी. मला वाटलं, बाई नाराज होणार. पण तिचा चेहरा खुलला, जणू गाण्यापेक्षा हेच तिला हवं होतं. तिने मशीन चालू केलं.

फुफीला आयतीच संधी मिळाली. ती हळद कालवून घेऊन आली आणि माझं मनगट धरलं. "यल्ला, नवरी घरातच हाय की. हिलाच बसवा." सगळे हसले. बाबाही हसले. मला हसू येईना, कारण आपल्यात हळद लागलेली पोर मोकळी राहत नाही, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. घरच्या बायांसमोर, गाण्यासकट हळद लागली असती तर कुवेतचा मुलगा ठरलाच असता.

तू उठतेस. वाटी फुफीच्या हातातून काढून घेतेस. "ही नाय. ही शिकायला जाणार. हिच्या नावाची हळद मी अजून कुटली नाय." इतक्या मोठ्याने तू कधी नणंदेशी बोलली नव्हतीस. खोलीत मशीनची चाकं फिरण्याचा आवाज तेवढा येतो आहे. बाबा दारात उभे आहेत, तुझ्याकडे बघतात, मग चपलांकडे बघतात. आणि तू त्या पाहुणीचा हात धरतेस. "हिला विचार गो, लगीन झालंय?" नाही झालेलं. पन्नाशी उलटलेली ती बाई बूट काढून, पाय दुमडून, शहाण्या मुलीसारखी पाटावर बसते, आणि तू तिच्या ठिपक्याठिपक्यांच्या गालांना हळद लावत गायला लागतेस. "खलास," असं पुटपुटून फुफीने तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या कडव्याला तीही गात होती, तिला राहवलंच नाही.

बाईचं लग्न शेवटपर्यंत झालं नाही. तू म्हणायचीस, तिकडच्या थंडीत हळद चढत नसेल.

मी शिकले, आणि पुढे तिनेच मला तिकडे बोलावून घेतलं. तिचंच काम मी आयुष्यभर केलं. एकदा डोंगरातल्या एका म्हातारीकडे गेलो होतो. कुरणातल्या गाईंना बोलवायची तिची हाक आम्हाला हवी होती. तिने चुलीपाशी बसून हाक द्यायला साफ नकार दिला. गाई ऐकतील, धावत येतील, आणि इथे त्यांच्यासाठी काहीच नसेल. जनावराला फसवायचं नाही, म्हणाली. माझे सोबती एकमेकांकडे बघू लागले. मी तिची मिठाची पिशवी उचलली आणि तिच्यामागून चढण चढायला लागले. वर पोचल्यावर तिने हाक दिली, गाई आल्या, मीठ चाटून गेल्या. खाली आल्यावर सोबत्यांनी विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हटलं, आमच्या घरी नवरीशिवाय हळदीचं गाणं म्हणत नाहीत. इतक्या ताठ मानेने मी त्या देशात दुसरं कुठलंच वाक्य बोलले नाही. मी तुझी मुलगी आहे याचा मला फार अभिमान आहे, अम्मा. तुझ्या तोंडावर हे म्हटलं असतं तर म्हणाली असतीस, "पुरे, जेव आता."

तुझी टेप तिकडे जपून ठेवली आहे. शिकणारी मुलं ती ऐकतात आणि मला सांगतात, तुमच्या आईचा गळा किती गोड आहे. मी हो म्हणते. खरं सांगायचं तर ते गाणं मी क्वचितच ऐकते. गाण्याच्या आधी थांबते, मागे नेते, आणि पुन्हा लावते: "ही नाय."